भाकरीचा खिसा

रशीद सर, परवाच्या शनिवारी तुमचा कार्यानुभवाचा तास मी घेतला. घेतला म्हणजे काय, मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात तुमचं नाव खोडून तिथे पेन्सिलीनं माझं लिहिलं, म्हणून जाऊन उभी राहिले. नववीची पोरं मांजरपाटाचे तुकडे मांडीवर घेऊन बसलेली आणि मला सुईत दोरा ओवता येईना. चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला, दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं. शेवटी पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, डब्यात पाहा ना. सर ओवून ठेवत." तुमच्या त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लाल चिंधीला सात सुया टोचलेल्या होत्या. सातही ओवलेल्या. त्याआधीच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात, म्हणजे गुरुवारी शाळा सुटताना ओवल्या असणार, पुढच्या तासासाठी. मला त्यातली एकही काढवेना. पोरांना म्हटलं, आज धडा वाचा.

शोकसभेत मी काय बोलले तेही सांगून टाकते. तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी चहाला बसून माझी टर उडवलीच असती. "रशीद सर विद्यार्थिप्रिय, हसतमुख आणि मनमिळाऊ होते." मनमिळाऊ! तुम्ही! नऊ वर्षं आपण स्टाफरूममध्ये एका टेबलाशी बसलो आणि नऊ वर्षं भांडलो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथपासून पोरांनी केलेल्या सेवेला गुण द्यायचे की नाही, इथपर्यंत. मराठीच्या वह्या तपासणारी मी तुमच्यासाठी 'लाल पेनवाल्या मॅडम', आणि तुम्ही माझ्यासाठी 'गादीवाले सर'. तुमचे अब्बा अकोल्याच्या जुन्या शहरात गाद्या-रजया भरायचे, हे तुम्हीच मिरवून सांगायचात, म्हणून ते चालून जायचं.

त्या शोकसभेत माझ्या पर्समध्ये एक कागद होता. तो वाचायचाच, असं घरून ठरवून गेले होते. माइक हातात आला आणि तोंडातून मनमिळाऊ निघालं. कागद तसाच पर्समध्ये राहिला. तुम्हाला हे लिहायला बसले आहे ते त्या कागदासाठीच.

तुमची शिकवायची तऱ्हा मला आधी विक्षिप्त वाटायची. जगातले सगळे मास्तर टाका घालायला शिकवतात, तुम्ही आधी उसवायला शिकवायचात. नववीच्या पहिल्या तासाला प्रत्येकाच्या हातात एक जुना शिवलेला तुकडा द्यायचा आणि सांगायचं, उसवा. कात्री नाही, ब्लेड नाही. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा, दोरा तुटू द्यायचा नाही, कापडाला भोक पडू द्यायचं नाही. तासाअखेर पोरं घामाघूम. एकदा मी दारातून म्हटलं, "अहो सर, यांना शिवायला कधी शिकवणार?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शिवनं कोनालेबी येते, मॅडम. चुकलं का माणूस कापून फेकते. उसवायले धीर लागते. माह्या अब्बानं मले दोन महिने निस्त्या जुन्या गाद्या उसवाले बसवलं होतं." आमच्या पोट्ट्यांना शिंपी करता का, अशी तक्रार घेऊन काही बाप आले होते, आठवतं? तुम्ही त्यातल्या एकाच्या शर्टाची तुटलेली गुंडी तिथल्या तिथे लावून दिली, सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी त्या दिवशी हसले होते, पण तुमच्यासमोर नाही.

शनिवारची फेरी ही तुमचीच. सकाळची शाळा सुटली की नववीची पोरं दोघा-दोघांनी जुन्या शहरातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायची. कोणाचं पाणी भरून दे, कोणाला विजेचं बिल वाचून दाखव, कोणाच्या लेकीला फोन लावून दे. मी मात्र कधी गेले नाही. माझी आई चांदूर बाजारला एकटी असते आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं मला तिच्याकडे जायचं असतं. हे कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. माझं काम कागदावरचं. पोरांनी आणलेल्या नोंदींवर लाल पेन चालवायचं आणि वर्षाअखेर अहवाल बांधायचा.

गोळ्यांच्या पिशवीची कल्पना मोनालीची. दोन वर्षांपूर्वी ती नववीत होती. घरचे नांदगाव खंडेश्वरहून कामासाठी अकोल्याला आलेले, अंगानं काडी, अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं थेट. तिच्या वाट्याला सुभद्राआजी आल्या होत्या. मोर्णेच्या काठच्या गल्लीत एका खोलीत राहणाऱ्या, देवाच्या वाती वळून विकणाऱ्या. आजींना वाचता येत नव्हतं, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची रोज अदलाबदल व्हायची. मोनालीनं हे वर्गात सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, "मंग? काय करसान?" पोरांनी आठवडाभर डोकं लावलं आणि काढली एक पिशवी. तीन खिसे. पहिल्यावर साखळी टाक्यानं कोंबडा, मधल्यावर भाकर, शेवटच्यावर चांद. सकाळच्या गोळ्या कोंबड्याच्या खिशात, दुपारच्या भाकरीच्या, रात्रीच्या चांदाच्या. अकरा घरं, अकरा पिशव्या. एका मुलाचा कोंबडा बदकासारखा झाला होता, तरी तुम्ही तो उसवू दिला नाही. ज्या चाचांना ती पिशवी गेली त्यांना म्हणे बदकच आवडलं.

मी खूश होते. अहवालाचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयारही झालं होतं.

मग तो शनिवार आला. मोनाली आणि तिची मैत्रीण गेल्या तर सुभद्राआजी पडलेल्या. कपाळ फुटलेलं, अंग घामानं चिंब. शेजाऱ्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, साखर एकदम उतरली होती. आजी वाचल्या. कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, दुपारच्या गोळीनंतर जेवला होता का? तर आजी म्हणाल्या, "दुपारी कायचं जेवन?" नवरा गेल्यापासून त्यांनी दुपारचं जेवण सोडलेलं. संध्याकाळी दोन भाकरी टाकायच्या, एक तेव्हा खायची, एक सकाळी चहासोबत. "एकटीसाठी दोन डाव कोन तवा ठेवन?" पण पोरांनी बजावलं होतं की भाकरीच्या खिशातली गोळी बारा वाजता घ्यायची, चुकवायची नाही. आजींनी चुकवली नाही. चार दिवस उपाशी पोटी घेत राहिल्या. "पोराईनं येवढं शिवून देल्लं, तं त्यायचं मन कसं मोडू?"

सोमवारी तुमच्या वर्गाबाहेर मी उभी होते हे तुम्हाला माहीत नव्हतं. मोनाली रडत होती, म्हणत होती की सगळ्या पिशव्या परत आणून जाळून टाकू. तुम्ही तिला गप्प केलं नाही. "रडून घे बाई. रडनं झालं का सांग मले." मग म्हणालात, "आपन गोळी कवाची थे सांगतलं. बुढी कवा जेवते, थे कोन इचारलं? मी बी नाई इचारलं. माही बी चूक हाये. आता या शनवारी गोळीचं नावच काढू नका. निस्तं इचारा, जेवल्या का? कवा जेवता? कोनासंग जेवता?"

त्या आठवड्याला पोरांनी जे आणलं ते मी आजवर तपासलेल्या कुठल्याही वहीत नव्हतं. एक चाचा सकाळी आठलाच पोटभर जेवून घेत आणि मग थेट रात्री. एक काकू शेजारीण ताट घेऊन आली तरच जेवत, नाहीतर चहावर दिवस काढत. एक आजोबा तीन वाजता जेवत, कारण जावयाचा डबा तेव्हा यायचा. पोरांनी हे सगळं दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या, आणि मग पोरं उसवायला बसली. दोरा न तोडता. कोणाची भाकर पहिल्या खिशावर गेली, कोणाची चांदाशेजारी. अकरा पिशव्या अकरा तऱ्हेच्या झाल्या. उसवली नाही ती एकट्या सुभद्राआजींची. त्या म्हणाल्या, "माही भाकर उसवू नका. मीच दुपारी तवा ठेवत जाईन. शनवारी मातर तुमी या जेवाले."

हे सगळं मोनालीनं एका पानावर लिहिलं, पाठपोट. वर शीर्षक, 'आमची चूक'. आजींना विचारून त्यांचं नाव घातलं आणि तुम्ही ते पान अहवालात लावायला माझ्याकडे आणलंत. आपला प्रकल्प अमरावतीच्या विभागीय प्रदर्शनाला निवडला गेला होता.

त्या दिवशीचं भांडण आपलं सगळ्यात मोठं भांडण. आवाज चढला नव्हता, तरी सगळ्यात मोठं.

मी म्हटलं, "सर, हे पान कशाला? आपल्या हातानं आपल्याविरुद्ध लिहून द्यायचं?"

"आपल्याविरुद्ध काहून? आपलंच तं हाये."

"म्हातारी पडली, डोकं फुटलं, हे कोणी प्रदर्शनात मांडतं का?"

"पिशव्या मांडता येतात, तं पडनं काहून नाई मांडता येत?"

मग मी ते बोलले जे मी कोणाजवळ बोलत नाही. म्हटलं, "तुम्हाला कळत नाही. आमच्या घरात कायम नोकरी लागलेली मी पहिली बाई. माझे वडील सांगायचे, बाई, आपली चूक लोक जपून ठेवतात, बाकीच्यांची विसरून जातात. मी आयुष्यभर चूक होऊ दिली नाही, आणि आता ती सुवाच्य अक्षरात लिहून देऊ?"

तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. माझ्याकडे पाहिलंत. "हे तुमी मले सांगून राह्यले, मॅडम? मले? जुन्या शहरातल्या रशीदले?" आणि हसायला लागलात. मलाही हसू फुटलं. हसता हसता तुम्ही म्हणालात, "मंग दोघंबी सही करू ना पानावर. तुमी अन् मी. दोघं मिळून बदनाम होऊ." तास झाला, तुम्ही उठून गेलात. तुम्हाला वाटलं भांडण मिटलं.

अमरावतीला निघायच्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. मी फाइलची दोरी सोडली, ते पान काढलं, दोरी पुन्हा बांधली. कोणी सांगितलं नव्हतं मला. मुख्याध्यापकांनी नाही, कोणीच नाही. फाडायची हिंमत झाली नाही म्हणून पान शब्दकोशात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. तुमच्या भाषेत, मी कापलं.

अमरावतीच्या त्या सभागृहात आपल्या टेबलाशी परीक्षक आले तेव्हा मोनाली छान बोलत होती. परीक्षकांनी दोन पिशव्या हातात घेतल्या. एकीवर भाकर आधी, दुसरीवर शेवटी. विचारलं, "या सगळ्या एकसारख्या का नाहीत?" हा खरा प्रश्न होता. सगळं शिक्षण त्या एका प्रश्नाच्या उत्तरात होतं आणि ते उत्तर अकोल्याला माझ्या कपाटात होतं. मोनालीनं अहवालाची पानं उलटली, पान सापडलं नाही, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हळूच, नको म्हणून. ती म्हणाली, "चुकून झालं सर."

जे पोरांनी दुरुस्त केलं होतं, त्याला ती चूक म्हणाली. माझ्यामुळे. तुम्ही तिच्या मागे उभे होतात आणि तुम्ही ऐकलंत.

दुसरा क्रमांक आला. तुम्ही पोरांना गिला वडा खाऊ घातलात, स्वतः दोन जास्त खाल्ले, परतीच्या बसमध्ये सगळ्यांना गाणी म्हणायला लावली. मोनालीनं द्रोण तसाच हातात धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी चहाला तुम्ही सहज म्हणालात, "मॅडम, फाइलीत एक पान कमी होतं." मी म्हटलं, "घाईत राहिलं असेल, सर." तुम्ही फुंकर मारून चहाचा घोट घेतलात. "हाव. राह्यलं असन."

बस. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही एक शब्द काढला नाही. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली. त्यानंतर तुम्ही रोज डबा उघडायच्या आधी मला विचारायला लागलात, "जेवल्या का, मॅडम?" सगळ्यांनाच विचारायचात, शिपायालासुद्धा, पण मला वाटायचं हा टोमणा आहे. एकदा मी वैतागून म्हटलं, तुमच्यासमोरच तर डबा उघडते आहे. तर म्हणालात, "बरं, आईले इचारलं का, कवा जेवते?" मला राग आला. माझ्या आईचं मला सांगणार हे! एरवी मी बारा वाजता आईला फोन करून मग निघायचे, त्या शनिवारी मुद्दाम न सांगता लवकरची गाडी धरून चांदूर बाजारला पोचले. आई दाराशी बसून मुरमुरे खात होती. चूल थंड. "तू संध्याकाळी येतं म्हून जेवन ठेवलं होतं, संगं जेवू." म्हणजे दर शनिवारी ती माझ्यासाठी दुपारची उपाशी राहत होती आणि मी मात्र अकोल्याहून डबा खाऊन निघत होते. कित्येक वर्षं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही शहाणपणा मिरवला नसता, हेही मला माहीत होतं. तरी नाही सांगितलं. आता मी डबा न खाता निघते, सर. आई आणि मी तीन वाजता जेवतो.

पानाचं तुम्हाला कधी सांगायचं ते मी ठरवून टाकलं होतं. तुम्ही निवृत्त होताना. निरोप समारंभाला. तुम्ही नेहमीसारखे खालच्या मानेनं बसाल, मी सगळ्यांसमोर सांगेन, आणि मग तुम्हाला काही बोलता येणार नाही, कारण शाल-श्रीफळ हातात असेल. केवढी मी हुशार! समारंभाला अजून दीड वर्ष होतं.

तर परवाचा शनिवार. तास संपला, शाळा सुटली, मी पर्स उचलली आणि एसटीसाठी निघाले. दाराशी नववीची पोरं दप्तरं घेऊन उभी. "मॅडम, फेरी?" मी विसरलेच होते. म्हणजे फेरी माझी कधी नव्हतीच. पोरं मला वाट देईनात. फाटकाशी मोनाली सायकल धरून उभी होती. अकरावीत आहे आता, पण शनिवारी डबा घेऊन अजून आजींकडे जाते, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, तुमी येता का आज? आजीच्या घरी कोनी मोठं मानूस गेलं नाई सर गेल्यापासून." मी आईला फोन केला, म्हटलं जेवून घे, मी उशिरा येते. एसटी गेली.

सुभद्राआजींची खोली मी पहिल्यांदा पाहिली. तुमच्या पोरांनी शिवलेली पिशवी खिळ्याला टांगलेली. कपाळावर डाव्या भुवईच्या वर तो व्रण. चुलीवर तवा होता. आजींनी मला नखशिखान्त पाहिलं आणि मोनालीला विचारलं, "हे कोन वं?"

"मराठीच्या मॅडम हायेत, आजी."

आजी वाती वळायच्या थांबल्या. "म्हंजे तूच का वो थे वाचनारी?"

मला कळलं नाही. आजी म्हणाल्या, "मास्तरले मी इचारलं होतं, अमरावतीले माहं नाव वाचलं का म्हून. तं म्हने, नाई आजी, तेथी वाचनं झालं नाई. पान मॅडमजवळ हाये. थ्या वाचनार हायेत. मंग मी दर शनवारी इचारो, आली का वो मॅडम? म्हने, येईन, आजी. घाई नको करू. थे मॅडम येतेच."

दोन वर्षं, सर. शंभरेक शनिवार तुम्ही त्या बाईला सांगत राहिलात की मी येईन. आणि रोज माझ्यासमोर बसून फक्त, जेवल्या का, एवढंच विचारत राहिलात. तुम्हाला सगळं माहीत होतं. राग धरला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही विश्वास ठेवलात. मी तिथेच चुलीसमोर बसले आणि पोरांदेखत रडले. आजींनी मला गप्प केलं नाही. वाती वळत राहिल्या.

मग मी पर्समधून तो कागद काढला, शोकसभेसाठी शब्दकोशातून काढलेलं तेच पान, आणि वाचायला लागले. "आमची चूक. आम्ही सुभद्राआजींना गोळी कधी घ्यायची ते सांगितले, पण त्या कधी जेवतात ते विचारले नाही. त्या गोळी घेऊन उपाशी राहिल्या आणि शनिवारी ओसरीवर पडल्या..."

"ओसरीवर नाई," आजी म्हणाल्या. "कोठी हाये इथं ओसरी? चुलीजवळ पडली होती मी. थे तुमचं चुकलं. दुरुस्त कर."

माझ्याजवळ लाल पेनच होतं. मी 'ओसरीवर' खोडून 'चुलीजवळ' लिहिलं. पुढचं सगळं वाचलं, चाचांची सकाळची आठची वेळ, काकूंची शेजारीण, जावयाचा डबा. पान संपलं तेव्हा खाली थोडी जागा उरली होती. तिथे मी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "हे पान मी अहवालातून काढून घेतले होते. रशीद सरांना मी खोटे सांगितले." खाली सही केली. एका पोरानं विचारलं, "मॅडम, मंग बक्षीस वापस द्या लागते का?" याचं उत्तर तुम्हाला सुचलं असतं. मोनाली म्हणाली, "मॅडम, मी बी तेथी 'चुकून झालं' म्हटलं होतं. थेबी लिवा." मी पेन तिच्या हातात दिलं. तिनं लिहिलं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, आणि सही केली. तुमच्या सहीची जागा मी सोडून ठेवली आहे.

येत्या शनिवारी त्या सात सुयांतली एक मी काढणार आहे. टाका मला येत नाही. उसवायला बसेन पोरांबरोबर.

आजींनी तवा उतरवला. म्हणाल्या, "झालं वाचून? जेवली नसशीन. बस." बारा वाजून गेले होते. त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढली, भाकरीच्या खिशातली गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या आणि टोपल्यातली पहिली भाकर माझ्या ताटात घातली. मग आम्ही सगळे जेवलो, सर.